मला अजून काही ऐकू आलेलं नाही

परवा उपासना संपल्यावर सगळे बाहेर पायऱ्यांवर गप्पा मारत उभे होते, तेव्हा आमच्या तरुण संघातली एक मुलगी माझ्याजवळ आली आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, ताई एक विचारू का, देव तुम्हाला नक्की सांगतो कसं? मला आधी काही कळलंच नाही. मग ती भडाभडा बोलायला लागली. तिच्यापुढे दोन रस्ते आहेत, एक म्हणजे आईवडिलांजवळ राहून आहे तीच नोकरी करायची आणि दुसरा म्हणजे लांब जाऊन पुढे शिकायचं, आणि कितीतरी दिवस ती रोज गुडघे टेकून विचारतेय पण तिकडून काहीच उत्तर नाही. त्या दिवशी उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला उभे राहिलेले सगळेच म्हणाले होते, प्रभू माझ्याशी बोलला, प्रभूने मला दाखवलं, प्रभूने दार उघडलं. "मग माझ्याशीच का बोलत नाही तो? माझंच काही चुकतंय का?" बोलता बोलता ती बायबलच्या कव्हरची चेन उघडत होती, लावत होती, परत उघडत होती, आणि डोळे काठोकाठ भरलेले. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिच्या आईने हाक मारली आणि ती "बोलू ना नंतर" म्हणत पळाली.

तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये. खरं म्हणजे तो तिचा एकटीचा नाहीच. आपण प्रार्थनेत किती सहज म्हणतो, प्रभू मार्ग दाखव, प्रभू तू चालव. आणि मनात आपल्याला हवं असतं ते म्हणजे माहिती. हे की ते, हो की नाही, आत्ता की नंतर. म्हणजे उद्याचं पान आजच दाखव असंच आपलं म्हणणं असतं, आणि ते पान नाही दिसलं की वाटतं, बाकीच्यांना दिसतंय आणि आपल्याला नाही, म्हणजे आपण त्याचे लाडके नाही. हे वाटणं फार एकटं पाडतं. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांबरोबर बसून, गाणी म्हणत असतानाही एकटं पाडतं.

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचं ते वचन तर सगळ्यांनाच पाठ असतं, 29 व्या अध्यायातलं 11 वं. "ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत." नवीन नोकरी लागली की स्टेटसला हे, दहावीचा निकाल लागला की हे, साखरपुड्यालाही हेच. मला ते वचन फार प्रिय आहे म्हणूनच सांगते, ते वरच्या 10 व्या वचनासकट वाचायला पाहिजे. हे एक पत्र आहे, आपल्या देशातून बाबेलमध्ये, म्हणजे बॅबिलोनमध्ये धरून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेलं, आणि त्यात देव सांगतो की सत्तर वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर वर्षं! ज्यांच्या हातात ते पत्र पडलं त्यातले बहुतेक जण परत जायला जिवंतच राहणार नव्हते. आणि तोवर त्यांनी करायचं काय, तर घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. नको असलेल्या गावात संसार मांडा असं सांगणारं हे पत्र आहे. हिताचे संकल्प आहेतच, पण ते कळले म्हणून त्या माणसांचा पत्ता दुसऱ्या दिवशी बदलला नाही. हे लक्षात आल्यावर मला ते वचन उलट जास्त जवळचं वाटायला लागलं, कारण माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी अशाच, अजून बाबेलमध्येच आहेत.

पप्पांच्या वेळची रात्र मला इथे सांगायलाच हवी. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करता येईल, पण या वयात ते टेबलवरून परत येतील याची खात्री नाही आणि परत आले तरी तुम्हाला ओळखतील का हेही सांगता येत नाही, आणि नाही केलं तर मग थोडेच दिवस. सकाळपर्यंत सांगा म्हणाले. आई आधीच गेलेली. भाऊ परदेशात, फोनवर रडत होता, तू तिथे आहेस ना मग तूच ठरव एवढंच म्हणत होता. आणि मी आयसीयूबाहेरच्या त्या लोखंडी खुर्चीवर बसून, हातात तो संमतीचा कागद धरून, एकच वाक्य म्हणत होते, सांग ना, प्लीज सांग ना. लिफ्टचं दार उघडायचं, मिटायचं. आतल्या मशीनचा टीं टीं आवाज बाहेरपर्यंत येत होता. एसीची गार हवा नेमकी मानेवर येत होती. बायबल उघडलं तर अक्षरं नुसती डोळ्यांसमोरून जात होती, एक ओळ आत शिरत नव्हती.

उत्तर आलं नाही.

आल्या त्या आमच्या मंडळीतल्या एक मावशी. रात्री खूप उशिरा आल्या, पिशवीत मोबाइलचा चार्जर, लांब वायरवाला, आणि एक स्वेटर आणि पायमोजे. माझा फोन बंद पडत आला होता आणि पाय गार पडले होते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी एकही वचन म्हणून दाखवलं नाही. देवाची योजना असते असंही म्हणाल्या नाहीत, आणि त्या रात्री कुणी तसं म्हणालं असतं तर मला सहनच झालं नसतं. त्यांनी विचारलं, "शेवटची झोपलीस कधी गं तू?" मला आठवेना. मग त्यांनी माझ्या हातातला कागद घेऊन नीट घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला आणि मला म्हणाल्या, तासभर पड, मी जागी आहे, काही झालं तर उठवीन. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून तिथेच त्या खुर्च्यांवर आडवी झाले आणि मला खरंच झोप लागली.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याचं असंच झालं होतं ना. कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला बघितलेला माणूस, आणि लगेच पुढच्या अध्यायात ईजबेल राणीची एक धमकी ऐकून जीव घेऊन पळतो, बैर-शेब्याला चाकराला सोडतो, एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून जातो, आणि एका झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं आता, माझा प्राण घे. 1 राजे 19. लहानपणी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गात ही गोष्ट ऐकताना माझं सगळं लक्ष वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरचा तो मंद आवाज इकडेच असायचं. आता वाचताना मी त्याच्या आधीच अडकते. कारण तो आवाज यायच्या कितीतरी आधी देवाचा दूत येऊन त्याला नुसता हात लावतो आणि म्हणतो ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, पाणी पितो आणि परत झोपतो. आणि कुणी त्याला रागवत नाही! दुसऱ्यांदा परत तेच, ऊठ, खा, लांबची वाट आहे. एवढंच. तू मरण का मागितलंस याचा जाब नाही, पुढे काय करायचं याची सूचना नाही. त्यानंतर चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला गेल्यावर मग बोलणं, आणि तिथेही सुरुवात प्रश्नानेच, एलीया तू इथे काय करतोयस? उत्तर द्यायच्या आधी देवाने त्याला झोपू दिलं आणि जेवू घातलं, हे त्या अध्यायात इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना आपल्या साक्षींमध्ये मात्र ते कधीच येत नाही. कुणी उभं राहून म्हणत नाही की मला प्रभूने अजून काही सांगितलेलं नाही, पण काल रात्री त्याने मला झोप दिली. म्हणायला पाहिजे खरं तर.

नंतर मला कळलं की त्या मावशी स्वतः कधीतरी अशाच एका कॉरिडॉरमध्ये एकट्या बसल्या होत्या, काकांच्या वेळी. म्हणून त्यांना चार्जर सुचला. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला दुसऱ्या पत्रात अगदी सुरुवातीलाच लिहितो की देव आमच्या सगळ्या संकटात आमचं सांत्वन करतो, आणि ते कशासाठी, तर त्याच सांत्वनाने आम्ही दुसऱ्यांचं सांत्वन करू शकावं म्हणून. त्यांना मिळालेलं धैर्य त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं आणि त्या रात्री ते स्वेटर आणि पायमोज्यांच्या रूपात माझ्यापर्यंत आणलं. मी वर बघून हाका मारत होते आणि तो बाजूच्या खुर्चीवरून हात पुढे करत होता, असं आता वाटतं. तेव्हा असं काही वाटलं नव्हतं, तेव्हा फक्त ऊब वाटली होती.

जाग आली तेव्हा निर्णय मिळालेला नव्हता, हे मला अगदी स्पष्ट सांगायचंय, कारण अशा ठिकाणी लोक हमखास म्हणतात की उठले आणि मन कसं स्वच्छ झालं होतं. तसं काही झालं नाही. एवढंच झालं की डॉक्टर आले तेव्हा ते काय बोलतायत ते मला ऐकू येत होतं. मी प्रश्न विचारू शकले, वेदना होतील का, ते शुद्धीवर येतील का, आम्हाला जवळ बसता येईल का. भावाला फोन लावून सगळं नीट सांगितलं, पप्पा स्वतः आजारपणाबद्दल पूर्वी काय काय बोलले होते ते आम्ही दोघांनी आठवून आठवून एकमेकांना सांगितलं, आणि मग ऑपरेशन नको असं ठरवलं. पप्पा काही दिवसांनी गेले. शांतपणे गेले, माझा हात त्यांच्या कपाळावर होता.

त्या दिवसांत मी आईचं बायबल वापरत होते. पानं इतकी पातळ झालीयेत की मागची अक्षरं पुढे दिसतात, आणि स्तोत्रांच्या भागात कडा बोटांनी काळपट पडल्यात. 23 व्या स्तोत्रापाशी तिने शिसपेन्सिलने एकाच ठिकाणी रेघ मारलीय, मेंढपाळाच्या ओळीला नाही, हिरव्या कुरणालाही नाही, "कारण तू माझ्याबरोबर आहेस" एवढ्यालाच. मी लहानपणापासून हे स्तोत्र म्हणतेय पण तिच्या त्या रेघेमुळे पहिल्यांदा नीट बघितलं की सुरुवातीला दावीद देवाबद्दल बोलतोय, तो मला कुरणात बसवतो, तो मला पाण्याजवळ नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. आणि मृत्युच्छायेची दरी आली की एकदम तू. तू माझ्याबरोबर आहेस, तुझी आकडी, तुझी काठी. कुरणात असताना तो देवाविषयी इतरांना सांगत होता आणि दरीत आल्यावर देवाशीच बोलायला लागला. आणि ती दरी काही वाट चुकल्यामुळे लागलेली नाही, आधीच्याच ओळीत म्हटलंय की तो मला नीतिमार्गांनी चालवतो. म्हणजे चालवणाऱ्याच्या मागे चालतानाच दरी लागली. तिथे त्याला दरीचा नकाशा मिळाला असं कुठेच लिहिलेलं नाही, बरोबर कोण आहे एवढंच लिहिलंय, आणि तेवढ्यावर तो म्हणतो मी भिणार नाही.

दार उघडलं, दार बंद झालं याबद्दल पण मला बोलायचंय. प्रेषितांच्या कृत्यांच्या 16 व्या अध्यायात पौल आणि त्याचे सोबती आशिया प्रांतात वचन सांगायला निघतात तर पवित्र आत्मा त्यांना मना करतो. मग बिथुनियाकडे वळायला बघतात, तिथेही जाऊ देत नाही. का ते सांगितलेलं नाही, कसं अडवलं तेही लिहिलेलं नाही, कुणी आजारी पडलं की रस्ता बंद होता की आतून कळलं, काही नाही. शेकडो किलोमीटर पायी, फक्त नकार घेऊन, त्रोवसपर्यंत, समोर समुद्र. तिथे मग रात्री तो समुद्रापलीकडच्या मासेदोनियाचा माणूस दृष्टान्तात दिसतो, इकडे ये आणि आम्हाला मदत कर. आम्ही साक्षीत त्रोवसची रात्र सांगतो. त्याआधीचा तो सगळा प्रवास, जेव्हा रोज संध्याकाळी पौलाला आपण कुठे चाललोय हेच माहीत नसणार, तो दोन-तीन वचनांत संपतो. आणि पुढे तरी काय, पलीकडे फिलिप्पैला पोचल्यावर शब्बाथाच्या दिवशी नदीकाठी भेटल्या त्या बायका, जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया, तिच्या घरात पहिली मंडळी जमली, आणि नंतर फटके, तुरुंग, पाय खोड्यात. इतक्या स्पष्ट बोलावण्यानंतर तुरुंग! आपण तर अडचण आली की लगेच म्हणतो ही देवाची इच्छा नसणार. पौल आणि त्याचा सोबती सीला तुरुंगात मध्यरात्री गात होते, आणि मग भूकंप होऊन दारं उघडली. मला नाही वाटत की त्यांना भूकंप होणार हे माहीत होतं म्हणून गात होते.

मग मनाला शांती वाटली की समजायचं देवाचा होकार, असं जे सर्रास सांगितलं जातं त्याचं काय? मला यात संत इग्नेशियस लोयोलांची गोष्ट फार उपयोगी पडली. 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला आणि हा सैनिक गडी महिनोन् महिने अंथरुणावर. वाचायला वीरांच्या कथा हव्या होत्या पण घरात सापडलं फक्त ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी. पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात आलं की पराक्रमाची स्वप्नं बघताना मजा येते पण नंतर मन कोरडं होतं, आणि ख्रिस्तामागे जाण्याचे विचार येऊन गेल्यावरही आनंद मागे राहतो. म्हणजे त्या क्षणाला काय वाटतं त्यापेक्षा नंतर काय उरतं ते बघायचं. आणि पुढे त्यांनी अजून एक नियम घालून दिला जो मी माझ्या डायरीत लिहून ठेवलाय, मन उदास आणि अंधारलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. किती दयाळू नियम आहे हा. रात्री दोन वाजता जे भयानक खरं वाटतं त्यावर सही करायची नाही, उजाडू द्यायचं.

आणि उजाडलंच नाही तर? हाही प्रश्न आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. 88 वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळ जोडायची सोय कुणी केली नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मदर तेरेसांना 1946 मध्ये ट्रेनमधून जाताना इतकं स्पष्ट बोलावणं आलं, आणि काम सुरू झाल्यावर मात्र पुढची जवळजवळ सगळी वर्षं त्यांना आतून देव जाणवतच नव्हता, हे त्यांच्या मृत्यूनंतर 2007 मध्ये पत्रं छापली गेली तेव्हा जगाला कळलं. काही लोकांना धक्का बसला. मला ते वाचून त्यांच्याबद्दलचा आदर शंभर पटीने वाढला आणि, कसं सांगू, मला आधारही वाटला. इतकी वर्षं काही ऐकू न येता त्या रोज पहाटे उठून प्रार्थना करत होत्या आणि मग जाऊन मरणाऱ्या माणसाचा हात धरत होत्या. धरून ठेवलेल्या माणसाला प्रत्येक वेळी ते हात जाणवतातच असं नाही.

त्या मुलीला मी काल फोन केला. कुठला रस्ता घे ते मला माहीत नाही असं सरळ सांगितलं. आणि सांगितलं की तुझं काही चुकतंय म्हणून तो गप्प आहे असं समजू नकोस, तो रोज ऐकतोय आणि तू विचारतेयस याचाच त्याला आनंद आहे. दोन्ही रस्त्यांवर तो असणार आहे. आईवडिलांशी मोकळं बोल, फॉर्मची शेवटची तारीख काय ते बघ, ज्यांनी आधी हे केलंय त्यांना विचार, याकोबाने लिहिलंय ना, ज्याला ज्ञान कमी पडतं त्याने मागावं, देव दोष न लावता देतो. त्या "दोष न लावता" या शब्दांवर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ताई, हे कधी कुणी सांगितलंच नाही. मग आम्ही फोनवरच प्रार्थना केली, तिने केली, मी आमेन म्हटलं.

पप्पांच्या बाबतीत मी जे ठरवलं ते बरोबर होतं का हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. ऑपरेशन केलं असतं तर अजून काही वर्षं मिळाली असती का, हा विचार कधी भांडी घासताना येतो, कधी सिग्नलला गाडी थांबल्यावर येतो, आणि आला की पोटात खड्डा पडतोच, त्यात अजूनही काही कमी झालेलं नाही. देवाला मी अजून विचारते. पूर्वी विचारताना भीती वाटायची की तो म्हणेल, हो, चुकलीस तू. आता ती भीती गेलीय, कारण चुकले असेन तरी ते मला सांगणारा तोच असणार, आणि त्या रात्री तो तिथेच होता, त्याला माहितीये मी कशी बसले होते ते.